काचपट्टी

जुन्या कार्यशाळेच्या पूर्वेच्या भिंतीला भेग आहे,
छतापासून खिडकीपर्यंत, तिथून जराशी कलून खाली.
तिच्यावर नऊ काचा,
बोटाएवढ्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा,
शेजारी गेरूने तारीख.
कॉलेजचा इतिहास लिहायला समिती बसली
तेव्हा मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं.
मी प्रयोगशाळेतला मदतनीस,
मला एवढंच वाचता येतं.

परभणीत, शेतीच्या विद्यापीठात, लोखंडाचं काय काम?
ज्वारीवाले म्हणायचे, कापूसवाले म्हणायचे.
आम्हाला दिली सरकी साठवायची शेड.
पाटी रंगवणाऱ्यानं 'अभियांत्रिकी'वरचा अनुस्वार खाल्ला,
दोन वर्षं आम्ही नुसतेच यात्रेकरू.
फळ्यावर तुळईचं गणित,
बाकांखाली सरकीचा वास,
उंदीरसुद्धा.

मग इमारत मंजूर झाली.
मार्चअखेर पैसा परत जाईल
म्हणून पाया फाल्गुनातच खणला.
कहाळेकर सर म्हणाले, एक पाऊसकाळ थांबा,
ही काळी माती आहे, फुगते, आकसते.
वर्गात त्यांनी तेच शिकवलं होतं,
परीक्षेत त्याला दहा गुण होते.
थांबलं कुणी नाही.
भाद्रपदात भिंत तडकली.

पहिली काच खय्यूम मिस्त्रींची.
फुटक्या तावदानातून कापून घेतली,
भेगेवर आडवी बसवली आणि पोरांना म्हणाले,
"ही फुटली तर समजा भिंत चालायलीय.
नाही फुटली तर बसलीय."
काच आठव्या दिवशी फुटली.
दुसरी त्याच दिवाळीत.
कुलगुरू पाहणीला आले तेव्हा
भेगेपुढे कपाट सरकवलं होतं.
पोरं मात्र शिकली. पुस्तकातली माती
गुणांपुरती असते,
ही रोज सकाळी मोजावी लागायची.

चौथ्या काचेची तारीख वळणदार अक्षरात आहे.
मुक्ता हत्तीअंबीरे. पाथरीची.
अख्ख्या वर्गात एकटी, आणि इमारतीत तिच्यासाठी मोरी नव्हती,
म्हणून ती ग्रंथालयापर्यंत चालत जायची,
ऊन असो, पेपर असो.
शेवटच्या वर्षी तिनं अर्ज लिहिला नाही,
नकाशा काढून दिला, मोजमापासकट,
खर्चाच्या अंदाजासकट.
ती मोरी अजून आहे. तिला भेग नाही.

सहावी काच मी पाहिली ती सप्टेंबरातल्या पहाटे.
त्र्याण्णव साल. पाळणीतल्यासारखा पलंग हलला होता,
मी सायकल काढून थेट इथं आलो,
का आलो ते ठाऊक नाही.
काच मधोमध सरळ दुभंगलेली, कुणी हिऱ्यानं कापावी तशी.
आठ दिवसांनी सर पोरांना ट्रकमधून दक्षिणेकडं घेऊन गेले.
परतली तेव्हा सगळी गप्प होती.
पडक्या भिंतींची माती त्यांनी एका पोत्यात आणली होती,
चाचणीसाठी.
चाचणी झाली. अहवाल गेला.
उरलेलं पोतं स्टोअरात आहे, नोंदवहीत त्याला नंबर नाही,
झाडताना मी त्याच्याभोवतीनं झाडतो.

सातवी, आठवी यांचं सांगण्यासारखं काही नाही.

नववी मी बसवली. एकोणीस वर्षं झाली, शाबूत आहे.
मुक्ताबाई कुठल्याशा धरणावर मुख्य अभियंता होत्या,
आता निवृत्त. दर पोळ्याला फोन येतो,
बाकी काही विचारत नाहीत.
"काच?"
"आहे."
"बरं."

भिंत थांबली, आणि आता पाडायचा हुकूम आला.
निर्लेखनाच्या यादीत लिहिलंय:
काचेचे तुकडे, नग नऊ, किंमत शून्य.
नवी इमारत चार मजली, लिफ्टची,
उद्घाटनाला समितीचं पुस्तक वाटलं, गुळगुळीत कागदाचं.
त्यात खय्यूम मिस्त्रींचा फोटो आहे,
पण खाली 'इतर कर्मचारी' असं.

काल नव्या जिन्याखाली वाकलो, रुमाल पडला म्हणून.
केसाएवढी रेघ. तिरपी.
नखानं चाचपली.
अजून कुणाला बोललो नाही.
फक्त येताना स्टेशन रोडवर
काचवाल्याकडं थांबलो.